डोंग्यात ‘हो’ म्हणायचं नाही

भंडारा जिल्हा मी आकाशातून शेकडो वेळा पाहिला आहे. एकोणतीस वर्षं प्रवासी विमानं चालवली. मुंबईहून कोलकात्याला जाताना नागपूर मागे पडलं की खाली तळीच तळी दिसायला लागतात, कुणाच्या तरी हातून पाणी सांडलं आणि पुसायचं राहून गेलं तशी. शेजारी बसलेल्या फर्स्ट ऑफिसरला मी दर वेळी ती दाखवायचो आणि तोही अदबीने मान वळवून बघायचा. एकदा शेजारी चैताली वलथरे नावाची मुलगी होती. ती म्हणाली, “सर, त्यातला एक तलाव आमचा आहे.” कुठला, हे मी विचारलं नाही. तेवढ्यात कंट्रोलरने आम्हाला पुकारलं असावं. तोच तलाव जमिनीवरून बघायची वेळ या जानेवारीत तिच्यामुळेच माझ्यावर आली, आणि ती काही सहलीची वेळ नव्हती.

ज्यांचा विमानाशी संबंध खिडकीच्या जागेपुरता येतो त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कॉकपिटमध्ये दोघं असतात. एक विमान चालवतो, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो. कुणी काय, केव्हा आणि कोणत्या शब्दांत बोलायचं हे एका जाडजूड पुस्तकात लिहिलेलं असतं. त्याला आम्ही एसओपी म्हणतो. एकाने ठरलेलं वाक्य बोलायचं, दुसऱ्याने ठरलेलं उत्तर द्यायचं. आज शेजारी कोण आणि उद्या कोण याचा नेम नसतो, तेव्हा दोन परक्या माणसांना एकमेकांवर विसंबता यावं म्हणून ही सोय. सोय शहाणपणाची आहे. मी स्वतः अठरा वर्षं ती नव्या पोरांना शिकवली. फक्त इतकी वर्षं नेमून दिलेलं बोलत राहिलं की दुसरं काही बोलायची सवय मोडते, हे त्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

माझी बायको सुनंदा यावरून मला चिडवायची. बाहेर पडताना दारात उभी राहून मुद्दाम कडक आवाजात विचारायची, गॅस? मी म्हणायचो, बंद. गिझर? बंद. बाल्कनी? लावली. पुढे तिने ती यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवूनही टाकली. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता यादी मीच वाचतो आणि उत्तरंही मीच देतो.

गेल्या पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी मी आणि चैताली उतरत होतो. विमान माझ्या हातात होतं. उंची जास्त होती, वेग जास्त होता, वारा मागून होता. पाचशे फुटांवर विमान ठरलेल्या वेगात आणि रेषेत बसलेलं नसेल तर लक्ष ठेवणाऱ्याने ‘अनस्टेबल, गो अराउंड’ म्हणायचं आणि चालवणाऱ्याने वाद न घालता पुन्हा वर जायचं, असा नियम आहे. मी वर गेलो नाही. विमान धावपट्टीवर जरा लांब टेकलं, प्रवासी आपापल्या घरी गेले आणि कुणाला काही कळलं नाही. पण विमानातलं यंत्र सगळं नोंदवतं. आठवड्याने आम्हा दोघांना बोलावणं आलं.

चैतालीने लिहून दिलं की तिने दोनदा ‘गो अराउंड’ म्हटलं आणि दोन्ही वेळा कॅप्टनने, म्हणजे मी, ‘चेक्ड’, म्हणजे ‘पाहिलं’, असं ठरीव उत्तर दिलं. मी लिहून दिलं की असं काही म्हटलं गेलं नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं, मला खरोखर काहीच आठवत नव्हतं. आवाज टिपणारा डबा शेवटच्या दोन तासांचंच जपून ठेवतो आणि त्या विमानाने नंतर आणखी दोन फेऱ्या मारल्या होत्या. उरला माझा शब्द आणि तिचा शब्द. माझी एकोणतीस वर्षं, तिची तीन. मला एक ताकीद मिळून प्रकरण मिटणार होतं आणि तिची नोकरी, खोटं निवेदन दिलं म्हणून, जाणार होती. शेवटची बैठक एका सोमवारी ठरली होती.

त्याच्या आधीच्या मंगळवारी मी बँकेतून परत आलो तर घरभर धूर. दुधाच्या पातेल्याचा कोळसा झालेला, खाली गॅस चालू. खिडक्या उघडल्या, पातेलं नळाखाली धरलं आणि मग तिथेच स्टुलावर बसलो. कारण ‘गॅस बंद’ असं मोठ्याने म्हटल्याशिवाय मी कधी दार ओढत नाही. म्हणजे त्या दिवशीही म्हटलं असणार. बुधवारी रात्री मी नागपूरच्या पुढे जाणाऱ्या गाडीत बसलो. चैताली आपल्या गावी, साकोली तालुक्यातल्या एकोडीला आहे एवढं माहीत होतं. मी तिला न्याय द्यायला निघालो होतो असा कुणाचा समज व्हायला नको. तिच्या तोंडून मला एक वाक्य हवं होतं: सर, माझा आवाज तेव्हा बारीक होता.

वरठी

स्टेशनचं नाव भंडारा रोड, ज्या गावात ते आहे ते वरठी, आणि भंडारा तिथून आणखी पुढे. उतरलो तेव्हा पोलाद कारखान्याची पाळी सुटत होती. सायकली आणि मोटरसायकली, हँडलला अडकवलेले डबे, कानाला मफलर. सगळे एकमेकांशी बोलत चालले होते. सायकलवाला शेजारच्या मोटरसायकलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून फुकटात ओढला जात होता आणि तोंडाने त्यालाच शिव्या देत होता. मी बॅग घेऊन बराच वेळ बघत उभा राहिलो. आमच्याकडे पाळी संपली की प्रत्येकाची वेगळी टॅक्सी येते.

पोह्यांच्या गाडीवर एक बाई होत्या. त्यांनी मला काहीतरी विचारलं, मी ‘हो’ म्हटलं, आणि त्यांनी पोह्यांवर लालभडक तर्रीचे दोन डाव ओतले. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, “मी इचारलं न जी तुमाले, दोन डाव टाकू का म्हनून.” मला त्यांचं विचारणं आठवेना. भूक लागली असेल म्हणून मी तो विषय मनातून काढून टाकला आणि ठणठणत्या जिभेने बाकीचे पोहे संपवले. नंतर त्यांनी कोणाकडे आलात हेही विचारलं. ठाण्याला माझ्या मजल्यावर गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. मी म्हटलं, ओळखीच्यांकडे.

शहापूर

त्या दिवशी सरळ एकोडीला जाता आलं असतं. मी गेलो उलट्या दिशेला, शहापूरला, हायवेवरच्या एका लॉजमध्ये. थकलो आहे असं स्वतःला सांगितलं. खरं कारण भीती हेच होतं.

लॉजच्या मॅनेजरने वहीत लिहिताना काम काय करता हे विचारलं. पायलट म्हटलं की पुढचे प्रश्न अर्धा तास पुरतात, म्हणून मी म्हटलं, ड्रायव्हर. त्याने पेन खाली ठेवलं, ट्रक कुठी लावला ते विचारलं आणि मागच्या बाजूची, ड्रायव्हर लोकांची खोली दिली. ती स्वस्त असली तरी स्वच्छ होती. शेजारच्या खाटांवर रायपूरकडून आलेले दोघे भाऊ होते, एकच ट्रक आळीपाळीने चालवणारे. संध्याकाळी त्यांच्याबरोबर समोरच्या ढाब्यावर डाळ, भात, पोळी जेवलो. दोघे सतत भांडत होते. वळण कुणी चुकवलं, डिझेल कुठे भरायचं, आईला फोन कुणी करायचा. धाकटा म्हणाला की दादाला गाडीत झोपूच देत नाही, एकटं बोलायचा कंटाळा येतो. मग त्यांनी मला विचारलं, तुमच्या गाडीवर दुसरं कोण असतं? मी म्हटलं, रोज नवीन माणूस. थोरल्याने भाताचा घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि वाढप्याला माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकायला सांगितली.

एकोडी

साकोलीपर्यंत बस, पुढे ऑटो. धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या वावरांत, खुंट उरले होते आणि त्यांच्यामधून लाखोरी डाळीचा हिरवा पाला वर आला होता. कुठे कुठे मळणीची वाट बघणारे धानाचे पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे गोल रचलेले ढीग, अजून उभे होते. सदतीस हजार फुटांवरून हे सगळं मातकट दिसतं.

वलथऱ्यांचं घर तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागूनच आहे. घर पिढ्यानपिढ्या मासे धरणाऱ्यांचं, तलावावर हक्क गावच्या संस्थेचा. अंगणात चैताली जाळ्याची फाटकी बाजू पायाच्या अंगठ्यात अडकवून विणत बसली होती. मला बघून उठली, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. मी येत असल्याचा निरोप पाठवला होता आणि तिचं उत्तर आलं होतं, ‘या सर’, एवढंच. तिने आईला, इंदुबाईंना, हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मग पाळीवर चढून तलावाच्या पार पलीकडे असलेल्या एका ठिपक्याकडे बघून ओरडली, “बाबा, पाव्हने आले!” पलीकडून ‘पाव्हने आले, येतो’ असं उत्तर आलं. पाणकोंबड्या उडाल्या. तिच्या बारीक आवाजावर मी बांधून आणलेली निम्मी आशा तिथेच संपली.

तरी विचारलं. त्यासाठीच आलो होतो. ती जाळ्यापाशी परत बसली आणि विणता विणता म्हणाली, “सर, मी दोनदा म्हटलं. तुम्ही दोनदा ‘चेक्ड’ म्हणालात. यापेक्षा जास्त माझ्याकडे काही नाही.” मी म्हटलं, मला आठवत नाही. ती म्हणाली, “ते मला माहीत आहे.” ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तिचे वडील सदाशिव वलथरे दुपारी आले. साठीचे, सडपातळ, डोक्याला दुपट्टा. त्यांना सगळं माहीत होतं, तरी पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचा प्रश्नच नव्हता, आणि जेवल्यावर साकोलीला जायला ऑटो नाही असं सांगून त्यांनी राहायलाही लावलं. जेवायला वांग्यात घातलेले सुके झिंगे, भात आणि जवसाची चटणी. आमच्याकडे कोकणी घरात सोडे घालतात तसेच, पण इथे मसाल्याला भाजलेल्या जवसाचा वास होता. सुनंदा असती तर कृती विचारून घेतली असती. मी नुसताच जेवलो. चैताली लहान असताना शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं या तलावावर घिरट्या घालायची आणि ही जाळं सोडून त्यांच्याकडे बघत बसायची, हे इंदुबाईंनी सांगितलं. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तिच्या शाळेने गावात मिरवणूक काढली होती. चैताली म्हणाली, “आई, पुरे.”

हात धुताना सदाशिवभाऊ माझ्या शेजारी उभे राहिले. ते म्हणाले, “पोरगी माही खोटं बोलत नाही जी. पन तुमीबी खोटं बोलनारे दिसत नाही. मंग हे कसं होऊन राहिलं?”

 ते रागावलेले नव्हते, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. जेवण झाल्यावर मी पाळीवर एकटाच बसलो. चैतालीच्या घरात तिघे बोलत होते, भांडी वाजत होती. मी कितीतरी हॉटेलांच्या खोल्यांतून भिंतीपलीकडचं असं बोलणं ऐकलेलं आहे, पण त्या वेळी भिंतीपलीकडची माणसं माझी कुणी नसायची. इथे त्यांच्या घरातलं काहीतरी माझ्या हातात होतं आणि ते मी देत नव्हतो.

तलावावर

शनिवारी सकाळी ऊन वर आल्यावर सदाशिवभाऊ जाळं उचलायला निघाले. एका लाकडातून कोरलेली लांबट होडी असते, तिला डोंगा म्हणतात. पुढे बसणारा वाकून जाळं ओढतो आणि मागचा उभा राहून बांबूने डोंगा ढकलतो. मागे एरवी चैताली असायची. ती म्हणाली, आज मी नाही, कपडे धुवायचेत. सदाशिवभाऊंनी मला विचारलं, ढकलता येते काय? विमान चालवणाऱ्याला हा प्रश्न विचारणं म्हणजे त्याला डिवचणं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

निघण्याआधी त्यांनी एक गोष्ट बजावली. थंडीत पाणी उतरतं, तलावाच्या पोटातल्या जुन्या झाडांचे खुंट वर येतात आणि ते पुढच्यालाच दिसतात. तेव्हा पुढचा जे म्हणेल तेच मागच्याने म्हणायचं. ‘खुंट डावीकडं’ म्हटलं तर ‘खुंट डावीकडं’, आणि मगच बांबू टाकायचा. “‘हो’ म्हनायचं नाही जी डोंग्यात,” ते म्हणाले. “माहा बाप ‘हो’ म्हनलं का काठीनं हानत होता. ‘हो’ तोंडातून निंगते, त्याले कान लागत नाही.”

मी हसलो. हेच तर मी अठरा वर्षं शिकवलं होतं. टॉवरने सांगितलेली उंची वैमानिक पुन्हा म्हणून दाखवतो, नुसतं ‘ठीक’ म्हणत नाही. मी त्यांना तसं सांगितलंही, थोडं वरच्या आवाजात. ते म्हणाले, मंग तं तुमाले येतेच.

आणि येत होतं. खुंट डावीकडं, खुंट डावीकडं. खुंट समोर, खुंट समोर, मागं घ्या, मागं घेतो. पहिला अर्धा तास मी उत्तम होतो. जाळ्यात दोन कतला आणि एक चांगली मरळ लागली. घाटावर चैताली आणि गावातल्या तीन-चार बाया कपडे आपटत होत्या, त्यांचा आवाज पाण्यावरून अगदी जवळ ऐकू येत होता. मग पूर्वेकडून शिकाऊ विमान आलं. छोटं, एका पंख्याचं. ते तलावावर वळायला लागलं आणि मी मान वर केली. वळण जरा तिरकं घेत होतं पोरगं. नाक थोडं खाली ठेव, असं मी मनातल्या मनात त्याला सांगत होतो.

त्यानंतरचं मला आठवतं ते एवढंच की डोंगा कशावर तरी दणकन आदळला आणि मी पाण्यात होतो.

पाणी छातीइतकंच होतं, पण जानेवारीतलं. पायाखाली गुडघाभर चिखल. सदाशिवभाऊ डोंग्याची कड धरून कसेबसे आत राहिले होते. जाळं खुंटाला अडकून उभं फाटलं होतं आणि मरळ गेली होती. मी चिडलो. कुणावर ते आता सांगायला लाज वाटते. मी ओरडलो, “काही सांगितलंच नाहीत तुम्ही!”

“सांगतलं न जी,” सदाशिवभाऊ म्हणाले. “खुंट उजवीकडं म्हनलो मी. तुमी ‘हो’ म्हनले.”

“मी काही म्हणालो नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर मी बांबू टाकला नसता का?”

माझा आवाज सगळ्या तलावावर गेला. घाटावर कपडे आपटणं थांबलं. मग एक म्हातारी बाई हातातलं लुगडं पिळत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “म्हनले जी तुमी. आमीबी आयकलं. हो म्हनले.” बाकीच्या बायांनी माना हलवल्या. एक पोरसवदा सून पदराआड हसत होती.

चैताली हसत नव्हती. ती घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, हात कोपरापर्यंत ओले. ती माझ्याकडे बघत होती.  मी जे बोललो होतो ते जवळजवळ शब्दशः माझ्या निवेदनात होतं. फरक एवढाच होता की त्या संध्याकाळी कॉकपिटला घाट नव्हता.

त्या थंड पाण्यात उभ्या उभ्या मला सुनंदाची आठवण आली. तिनेही कितीदा काय काय सांगितलं असेल आणि मी ‘बंद’, ‘लावली’, ‘हो’ म्हणालो असेन. शेवटच्या वर्षी ती म्हणायची की पाठ दुखते. मी काय उत्तर दिलं होतं ते मला आठवत नाही, आणि आता विचारायला माणूस नाही. मला रडू आलं. तोंड भिजलेलंच होतं, त्यामुळे ते कुणाला दिसलं नसेल.

सदाशिवभाऊंनी बांबूचं टोक माझ्याकडे केलं आणि म्हणाले, “धरा.”

मी म्हटलं, “धरलं.”

दुपारी मी त्यांच्या लुंगीत आणि सदऱ्यात, घोंगडं पांघरून चुलीजवळ बसलो होतो. जाळं फाटल्याबद्दल माफी मागितली तर त्यांनी हात झटकला. ते म्हणाले, “मी मुद्दाम नाही नेलं जी तुमाले. तसं समजू नका.” मी तसं समजलोच नव्हतो. कांद्याचं पाणी घालून केलेला एक भयंकर काढा इंदुबाईंनी मला प्यायला लावला.

मग मी बॅगेतून कागद काढला आणि चैतालीला समोर बसायला सांगितलं. मी लिहायचं, तिने वाचायचं. माझं वाक्य तिने वाचलं की ते मी पुन्हा म्हणून दाखवायचं आणि मगच पुढचं लिहायचं. तिने लगेच मान डोलावली नाही. ती म्हणाली, “सर, यानंतर तुम्हाला उडता येणार नाही.” मी म्हटलं, “यानंतर मला उडता येणार नाही.” मोठ्याने म्हटल्यावर ते वाक्य माझं मलाच नीट ऐकू गेलं. एकोणतीस वर्षांत एवढं लक्ष देऊन मी कुठलंच वाक्य परत म्हटलं नसेल.

ती वाचायला लागली. “पाचशे फुटांवर फर्स्ट ऑफिसर वलथरे यांनी ‘अनस्टेबल, गो अराउंड’ म्हटलं.”

“पाचशे फुटांवर फर्स्ट ऑफिसर वलथरे यांनी ‘अनस्टेबल, गो अराउंड’ म्हटलं.”

“मी सवयीने ‘चेक्ड’ असं उत्तर दिलं आणि त्यांचं म्हणणं मला ऐकू आलं नव्हतं.”

हे मी निम्मंच म्हटलं. ती थांबली. मी पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण म्हटलं.

सही करणार तेवढ्यात तिने कागदावर हात ठेवला. दोनदा सांगूनही कॅप्टन वर गेला नाही तर लक्ष ठेवणाऱ्याने विमान आपल्या हातात घ्यायचं असतं, हेही त्याच पुस्तकात आहे. ती म्हणाली की तुम्ही उत्तर दिलंत म्हणून मी थांबले आणि तेवढ्यात चाकं टेकली. ते तिने स्वतःच्या निवेदनात लिहिलं नव्हतं. “मीपण घाबरले होते सर. तुमच्या हातातून घ्यायला.” तिने दुसरा कागद घेतला आणि स्वतःचं लिहिलं. ते तिने वाचलं, मी परत म्हटलं. दाराशी बसून सदाशिवभाऊ फाटकं जाळं विणत होते. आमच्या भाषेतलं त्यांना किती कळलं माहीत नाही, पण शेवटी ते म्हणाले, असंच पाह्यजे.

ठाणे

सोमवारी दोन्ही कागद दिले. माझा परवाना थांबवला गेला, आणि तो परत मिळेपर्यंत माझं निवृत्तीचं वय होईल. चैतालीला विमान हातात न घेतल्याबद्दल काही आठवडे पुन्हा प्रशिक्षण मिळालं. मग ती परत उडायला लागली.

मी घरी असतो. बाहेर पडताना दारातली यादी अजून वाचतो. फक्त आता ‘गॅस’ असं वाचलं की चपला काढून आत जातो, बटणावर हात ठेवतो आणि तिथूनच ‘गॅस बंद’ असं पूर्ण म्हणतो. मग गिझर. मग बाल्कनी. घरातून निघायला पाच मिनिटं जास्त लागतात. घाई करायला दारात कुणी उभं नसतं, आणि बहुतेक दिवस मला कुठे जायचंही नसतं. तरी करतो.

परवा चैतालीचा निरोप आला. कोलकात्याहून प्रवासी म्हणून परत येत होती, तेव्हा खिडकीतून काढलेला फोटो होता. खाली तळीच तळी. त्याखाली लिहिलं होतं, ‘सर, डावीकडून तिसरा आमचा.’

मी सवयीने ‘हो’ लिहिलं. मग ते पुसलं, चष्मा घातला, फोटो मोठा करून डावीकडून एक एक मोजला आणि उत्तर लिहिलं, ‘डावीकडून तिसरा तुमचा.’